पोलादी स्लीपरवर हलके रूळ कसे जखडावेत

लाकडी स्लीपरवर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या ओंडक्यावर, खिळा चुकला तर जुन्या भोकात खुंटी ठोकता येते, शेजारी नवं भोक पाडता येतं. पोलादी स्लीपर ही सवलत देत नाही. त्यावर दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, भोकं पाडली तेव्हाच ठरून जातं. नंतर बोल्ट कितीही आवळा, चुकीच्या जागी पडलेलं भोक जागेवर येत नाही. म्हणून या लेखात पाना हातात घेण्याआधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

लेख हलक्या मार्गांसाठी आहे: खाणीतल्या ट्रॉल्या, मळ्यांतली आणि कारखान्यांतली मालवाहतूक, पर्यटकांची छोटी गाडी. रूळ साधारण १५ किलो प्रति मीटरपर्यंत वजनाचे, गेज ६०० ते ७६२ मि.मी. आणि वेग कमी. मुख्य रेल्वेमार्गाचे नियम वेगळे असतात. तिथे त्या रेल्वेच्या नियमपुस्तिकेप्रमाणेच काम करायचं.

जखडण्याच्या पद्धती

हलक्या मार्गासाठी पोलादी स्लीपर हा प्रकार जुना आणि कसाला उतरलेला आहे. फ्रान्समधल्या पॉल देकोव्हिल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूळ आणि पोलादी स्लीपर रिव्हेटने जोडून तयार चौकटी विकायला सुरुवात केली. चौकट उचलायची, जमिनीवर टाकायची, पुढच्या चौकटीला जोडायची. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात याच पद्धतीच्या ६०० मि.मी. गेजच्या मार्गावरून प्रेक्षकांची ने-आण झाली आणि पहिल्या महायुद्धात दोन्ही बाजूंनी आघाडीवर दारूगोळा पोचवायला असेच मार्ग टाकले.

रिव्हेट आजही चांगला, पण तो कारखान्यात मारायचा. जागेवर काम करणाऱ्याला तीन पर्याय उरतात. पहिला, बोल्ट आणि क्लिप: रुळाच्या तळपट्टीची, म्हणजे खालच्या रुंद भागाची, कड दाबून धरणारा पोलादी तुकडा आणि त्याला आवळणारा बोल्ट. दुसरा, चावी: स्लीपरच्याच पत्र्यातून वर उचललेल्या कानांमध्ये रूळ बसतो आणि मधल्या फटीत पोलादी पाचर ठोकतात. तिसरा, स्प्रिंगसारखी लवचीक क्लिप. नॉर्वेचे अभियंता पेर पांडे-रोल्फसेन यांच्या कल्पनेतून आलेली पँड्रोल क्लिप हा तिचा सर्वांत परिचित नमुना. ती बसवायला स्लीपरवर खांदे, म्हणजे क्लिप अडकवायचे पोलादी उंचवटे, वेल्ड करावे लागतात किंवा भोकात अडकवावे लागतात.

नव्याने काम करणाऱ्याला मी बोल्ट-क्लिपच सुचवेन. वेगळ्या मापाच्या क्लिप लावून गेज थोडं कमी-जास्त करता येतं, एखादा भाग खराब झाला तर तेवढाच बदलता येतो आणि साधा पाना पुरतो. चावीचं काम झपाट्याने होतं, पण कान एकदा वाकला किंवा मुळाशी तडकला की स्लीपर भंगारात जातो. लवचीक क्लिप सर्वांत कमी देखभाल मागते. मात्र तिचे खांदे मिलिमीटरच्या हिशोबात बसले नाहीत तर तिचा काहीच उपयोग नाही.

रूळ स्लीपरला थेट वेल्ड करू नका

हे वेगळं सांगावं लागतं, कारण घाईच्या कामात ते सर्रास होतं. वेल्डिंग मशीन जवळ असतं, रूळ आणि स्लीपर दोन्ही पोलादाचेच, दोन मिनिटांत टाका मारून काम संपल्यासारखं वाटतं. पण दोन्ही पोलादं एक नाहीत. स्लीपर मऊ, कमी कार्बनच्या पोलादाचा असतो. रुळात झीज सोसण्यासाठी कार्बन बराच जास्त ठेवलेला असतो. अशा पोलादावर थंडपणी टाका मारला की टाक्याला लागूनचा पट्टा भराभर तापतो, भराभर निवतो आणि काचेसारखा ठिसूळ होतो. चाक वरून गेलं की रूळ वाकतो आणि सर्वांत जास्त ताण येतो तो नेमका तळपट्टीच्या खालच्या कडेवर. तडा तिथून सुरू होतो आणि रुळाच्या कमरेत, म्हणजे तळपट्टी आणि माथा यांच्यामधल्या उभ्या भागात, चढतो. वरून बघणाऱ्याला तो रूळ तुटेपर्यंत दिसत नाही.

वेल्डिंग करायचंच असेल तर ते स्लीपरवर करायचं: खांदे, जाड पट्ट्या, क्लिपची बैठक. त्या वेळी रूळ जागेवर नसावा. त्याच मापाच्या रुळाचा टाकाऊ तुकडा साचा म्हणून ठेवावा, म्हणजे ठिणग्या आणि चुकून लागलेली आर्क खऱ्या रुळावर जात नाही. मशीनची अर्थिंगची पकड स्लीपरलाच, वेल्डच्या जवळ लावावी. ती लांब रुळावर लावली तर करंट क्लिप आणि रुळाच्या स्पर्शातून वाट काढतो आणि नको तिथे ठिणगी पडते. इलेक्ट्रोड कमी हायड्रोजनचे आणि पूर्ण सुके हवेत. स्लीपर गॅल्व्हनाइझ्ड असेल तर वेल्डच्या जागेचा जस्ताचा थर आधी घासून काढा आणि काम मोकळ्या हवेत करा. जस्ताचा धूर छातीत गेला की ताप भरतो.

आधी मोजमाप, मग भोकं

स्लीपरचे दोन प्रकार भेटतात. बहुतेकांचा आकार उपड्या पन्हळीसारखा असतो, दोन्ही टोकं खाली वाकवून बंद केलेली. खडी पन्हळीत भरली आणि टोकांनी जमीन धरली की मार्ग आडवा सरकत नाही. दुसरा प्रकार म्हणजे साधी चॅनेल किंवा सपाट पट्टी. तात्पुरत्या कामाला ती चालते, पण आडव्या जोरापुढे ती टिकत नाही.

आता खुणा. गेज मोजतात ते दोन्ही माथ्यांच्या आतल्या बाजूंमध्ये, भोकं मात्र तळपट्टीच्या कडांवरून ठरतात. म्हणून माथ्याची रुंदी आणि तळपट्टीची रुंदी दोन्ही कॅलिपरने मोजा. जुन्या रुळात माथा आतल्या बाजूने झिजलेला असतो, तेव्हा माप न झिजलेल्या भागावर घ्या.

एक उदाहरण घेऊ. गेज ६०० मि.मी., माथा २५, तळपट्टी ५०, रुळाची उंची ६०. दोन्ही रुळांच्या मध्यरेषांमधलं अंतर ६०० अधिक २५, म्हणजे ६२५. तळपट्ट्यांच्या आतल्या कडांमधलं अंतर ६२५ वजा ५०, म्हणजे ५७५. बाहेरच्या कडांमधलं ६७५. क्लिपची पायरी तळपट्टीच्या कडेला टेकल्यावर बोल्टचा मध्य कडेपासून १८ मि.मी. वर येतो असं धरू. मग आतल्या दोन भोकांमधलं अंतर ५७५ वजा ३६, म्हणजे ५३९. बाहेरच्या दोन भोकांमधलं ६७५ अधिक ३६, म्हणजे ७११.

हा हिशोब स्लीपरची बैठक, म्हणजे रूळ टेकतो ती जागा, सपाट असेल तरच बरोबर. दाबून काढलेल्या पुष्कळ स्लीपरची बैठक आतल्या बाजूला झुकलेली असते, बहुधा २० ला १ या उताराने, कारण चाकाचा पृष्ठभागही तसाच निमुळता असतो. गेज माथ्याच्या वरच्या पातळीखाली १० मि.मी. वर मोजलं तर तो बिंदू तळापासून ५० मि.मी. उंचीवर येतो. ५० भागिले २०, म्हणजे प्रत्येक रुळाचा माथा अडीच मि.मी. आत झुकतो आणि दोन्ही मिळून गेज ५ मि.मी. ने कमी होतं. तेव्हा भोकांची अंतरं ५३९ ऐवजी ५४४ आणि ७११ ऐवजी ७१६ धरायची. सपाट कागदावर काढलेला आराखडा झुकत्या बैठकीला जसाच्या तसा लावला की गाडी अडखळू लागते. मग दोष चाकांवर जातो, पण मूळ भोकांत असतं.

मापं पक्की झाली की एका जाड पत्र्याचा साचा करा आणि सगळे स्लीपर त्याच साच्याने आखा. प्रत्येक स्लीपरवर टेप लावून खुणा केल्या तर दर वेळी अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. पहिला स्लीपर तयार झाल्यावर त्यावर रुळाचे दोन तुकडे बसवा, बोल्ट पूर्ण आवळा आणि गेज तपासा. ते बरोबर आलं तरच पुढच्या स्लीपरला ड्रिल लावा.

भोकं ड्रिलनेच पाडा. गॅसने कापलेल्या भोकाची कड खडबडीत आणि कडक होते, आणि पोलादी स्लीपरला तडा जातो तो बहुतेक वेळा भोकाच्या कडेपासूनच. चौकोनी भोक लागणार असेल तर त्याचे कोपरे गोलाई देऊन घासा. १२ मि.मी. च्या बोल्टला १४ मि.मी. चं भोक पुरतं. त्याहून मोठं केलं तर प्रत्येक रुळाला हलायला जागा मिळते आणि दोन्ही रुळांची मिळून गेजमध्ये भर पडते. पाडलेल्या भोकांच्या कडा घासून त्यांवर प्रायमर लावा.

चाकाच्या कंगोऱ्याला जागा आहे का

हलक्या रुळांची उंची कमी असल्यामुळे ही तपासणी टाळता येत नाही. आतल्या बाजूचा नट चाकाच्या कंगोऱ्याच्या, म्हणजे रुळाच्या आतून खाली उतरणाऱ्या कडेच्या, वाटेत येतो. वरच्याच उदाहरणात कंगोरा माथ्याच्या पातळीखाली २२ मि.मी. उतरत असेल तर बैठकीपासून त्याच्या खालच्या कडेपर्यंत ३८ मि.मी. जागा राहते. आता बोल्टच्या बाजूने मोजा: तळपट्टीच्या कडेची जाडी ५, त्यावर क्लिप ८, वॉशर ३, नट ११ आणि नटाबाहेर आलेले आटे ४. एकूण ३१. म्हणजे ७ मि.मी. मोकळे.

नव्या रुळावर नव्या चाकाला ते पुरतं. पण रूळ वरून ३ मि.मी. झिजला आणि चाकाचा पृष्ठभाग झिजल्यामुळे कंगोरा २६ मि.मी. खोल उतरू लागला, तर सातही मिलिमीटर संपतात आणि कंगोरा आट्यांवर घासायला लागतो. म्हणून आतल्या बाजूला बोल्ट मापाचाच घ्या आणि नटाबाहेर दोन-तीन आट्यांपेक्षा जास्त दिसत असतील तर ते कापून टाका. नटाचा वरचा भाग चकचकीत घासलेला दिसला तर कंगोरा आधीच लागतो आहे असं समजा.

बोल्ट कोणता घ्यायचा

चौकोनी मानेचा बोल्ट खालून घालतात. मान चौकोनी भोकात अडकते आणि नट फिरवताना बोल्ट फिरत नाही. पण हा बोल्ट मार्ग टाकण्याआधीच बसवावा लागतो. मार्ग टाकून खडी भरली की खालून हात जात नाही आणि एक बोल्ट बदलायला स्लीपरखालची खडी उकरावी लागते.

लांबट भोकात वरून घालून पाव फेरा फिरवायचा टी-डोक्याचा बोल्ट ही अडचण संपवतो. त्याच्या वरच्या टोकावर एक खाच असते आणि ती डोक्याची दिशा दाखवते. खाच भोकाच्या लांबीला आडवी असेल तर डोकं खाली नीट अडकलेलं आहे, भोकाच्या लांबीच्या दिशेने असेल तर बोल्ट कधीही वर येईल. खाच नसलेले बोल्ट मिळाले तर करवतीने स्वतः करून घ्या. पुढे तपासणीच्या वेळी नुसत्या नजरेने शेकडो बोल्ट बघता येतात.

चौकट जोडणे

सपाट, कठीण जागा निवडा. स्लीपर ठरलेल्या अंतरावर मांडा. हलक्या मार्गावर हे अंतर साधारण ५०० ते ७५० मि.मी. असतं, रूळ जितका बारीक तितकं कमी. रुळांच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंचे स्लीपर आणखी जवळ घ्या. बैठकी तारेच्या ब्रशने स्वच्छ करा. रुळाखाली वेल्डचा एक थेंब किंवा खडीचा एक कण राहिला तरी रूळ त्याच्यावर डुलतो आणि बोल्ट आपोआप सैल पडतो.

रूळ पहारीने सरकवा. रूळ आणि स्लीपर यांच्यामध्ये बोटं घालू नका. सगळ्या क्लिप, वॉशर आणि नट हाताने फिरतील तेवढेच लावून घ्या. मग एक रूळ आधाराचा माना. सरळ मार्गात कोणताही चालेल, वळणात बाहेरचा घ्या. त्याच्या बाजूने दोरी ताणून तो सरळ करा, प्रत्येक स्लीपर गुण्याने काटकोनात आणा आणि या एका रुळाचे सगळे बोल्ट आवळा.

त्यानंतर दुसरा रूळ. प्रत्येक स्लीपरपाशी गेज पट्टी ठेवा, पहारीने रूळ पट्टीला टेकवा, मग बोल्ट आवळा. पट्टी रुळाला काटकोनात असू द्या, तिरकी ठेवली तर गेज अरुंद बसतं. आधी बाहेरची क्लिप तळपट्टीला घट्ट भिडवा, मग आतली. चाक रुळाला बाहेर ढकलतं, तेव्हा बाहेरची क्लिप रूळ सरकू देत नाही आणि आतली क्लिप रूळ उलटू देत नाही. दोघींचं काम वेगळं आहे, त्यामुळे एका बाजूची क्लिप नसेल तर दुसरीवर निभावून नेता येत नाही.

स्प्रिंग वॉशर सपाट झाला की थांबा. निर्मात्याने टॉर्क दिलेला असेल तर टॉर्क पान्याने तोच लावा. पान्याला पाइप जोडून जोर काढणं म्हणजे बोल्ट ताणून निकामी करणं.

शेवटी कर्ण मोजा. पाच मीटरच्या चौकटीत एक रूळ दुसऱ्यापेक्षा ३ मि.मी. पुढे गेला असेल तर दोन कर्णांत सुमारे ६ मि.मी. चा फरक दिसतो. फरक असेल तर दुसरा रूळ सैल करून सरकवा. नाहीतर पुढच्या प्रत्येक सांध्यात तो वाढत जातो.

चावीचं काम असेल तर

चावी ठोकताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि चावीच्या सरळ रेषेत कोणी उभं नको. घणाचे दोन-तीन नेमके घाव बसायला हवेत. घाव घालत राहावं लागत असेल तर चावी त्या फटीपेक्षा जाड आहे, आणि तिने कान वाकतील. भरलेल्या गाड्या मुख्यतः एकाच दिशेने जात असतील तर चाव्या त्याच दिशेने ठोका. रूळ त्या दिशेने सरकू पाहतो आणि चावीला आपल्याबरोबर आणखी आत ओढतो. दोन्ही दिशांना सारखीच वाहतूक असेल तर एका स्लीपरवर एका दिशेने, पुढच्यावर उलट दिशेने ठोका.

वळण, उतार आणि उन्हाळा

वळणासाठी रूळ आधी जिम-क्रोने, म्हणजे रूळ वाकवायच्या हत्याराने, वाकवून घ्या. सरळ रूळ क्लिपच्या जोरावर वळणात ओढला तर तो आयुष्यभर सरळ व्हायला बघतो आणि तो सगळा जोर बाहेरच्या क्लिपवर येतो. वाक तपासायला दोरी पुरते: २० मीटर त्रिज्येच्या वळणात ४ मीटरची दोरी माथ्याच्या बाजूला ताणली तर मध्यावर १०० मि.मी. अंतर यायला हवं. लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, इतका साधा हा हिशोब आहे. तीव्र वळणात गेज काही मिलिमीटर रुंद ठेवावं लागतं. किती, ते गाडीच्या दोन आसांमधल्या अंतरावर ठरतं. ती रुंदी वेगळ्या मापाच्या क्लिप लावून आतल्या रुळाकडे द्या. भोक ताणून रुंदी काढू नका.

पोलादाचा १० मीटरचा रूळ तापमान ४० अंशांनी वाढलं की साडेचार मिलिमीटरच्या आसपास लांबतो. थंडीत काम करत असाल तर सांध्यांत तेवढी फट सोडा, भर उन्हात करत असाल तर फार थोडी. फिशप्लेटला, म्हणजे सांध्यावरच्या जोडपट्टीला, ग्रीस लावा आणि तिचे बोल्ट रूळ सरकू शकेल इतपतच आवळा. स्लीपरवरच्या क्लिप मात्र पूर्ण घट्ट. उतारावर रूळ खाली सरकत जातात, तेव्हा खालच्या टोकाला मार्ग एका पक्क्या अडथळ्याला टेकवलेला बरा.

खडी आणि पहिले दिवस

पोलादी स्लीपरची पन्हळ खडीने आतून भरली नाही तर वरचं सगळं काम वाया जातं. बारीक खडी घ्या, २० ते ४० मि.मी. ची, आणि दोन्ही रुळांच्या खाली व टोकांकडे कसून ठोका. मधला भाग सैल सोडा. मध्ये जास्त ठोकली तर स्लीपर मध्यावर टेकून टोकांनी खाली वाकतो आणि त्याचं गेज बदलतं. खडीऐवजी कोळशाची राख वापरू नका. तिच्यातलं गंधक ओलाव्यात पोलाद खातं आणि सुरुवात बैठकीखाली, न दिसणाऱ्या जागी होते. खाणीतल्या आम्लयुक्त पाण्यात किंवा खाऱ्या हवेत स्लीपरला आतूनही डांबरी रंगाचा जाड हात द्या.

मार्गात विजेवर चालणारे सिग्नल असतील किंवा रुळांतून करंट परत जात असेल तर पोलादी स्लीपर दोन्ही रूळ एकमेकांना जोडून टाकतो. तिथे रुळाखाली आणि क्लिपखाली इन्सुलेटिंग पॅड हवेतच.

पहिल्या भरलेल्या गाड्या सावकाश सोडा आणि नंतर प्रत्येक नट पुन्हा आवळा. रंग, गंज, धातूवरचे बारीक उंचवटे दबतात आणि बोल्ट किंचित सैल होतोच, त्यात बसवणाऱ्याची चूक नसते. या दुसऱ्या आवळणीनंतर प्रत्येक नटावर आणि क्लिपवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे, पाना न लावताही कळतं. त्यानंतरच्या तपासणीत तोच नट वारंवार सैल सापडला तर त्याला पुन्हा आवळून पुढे जाऊ नका. क्लिप काढा, रूळ जरा उचला आणि बैठक बघा. तिथे झीज, तडा किंवा लांबलेलं भोक सापडेल, आणि तो स्लीपर बदलावा लागेल.